घाण हा वास नव्हे

सोमवार, ६ मार्च

मांजराचं मूत! वाइन तपासणाऱ्या बाईंनी पेला नाकाला लावला, डोळे मिटले आणि झोपेत गोड स्वप्न पडावं तशा हसल्या. म्हणाल्या, ‘अहाहा! मांजर!’ टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. काय करणार! आमच्या जिन्याखाली मांजर मुतलं की वहिनी फिनेलची बाटली घेऊन धावते. इथे त्याच वासाची वाइन वेगळी काढून तिला सोनेरी लेबल लावतात.

आजवर या खोलीत मी पेले आणि बादल्या धुवायला यायचो. आज पहिल्यांदा खुर्चीवर बसलो. तपासणीच्या टेबलावर एक जागा रिकामी होतेय. बाटलीत भरण्याआधी प्रत्येक पिंपातली वाइन हुंगायची, चूळ भरून थुंकायची आणि बरी की वाईट ते सांगायचं – हे काम. दोन आठवडे शिकवणार, मग परीक्षा. शिकाऊ दोघंच. मी आणि बूच. बूच म्हणजे बुचं ठोकायच्या मशीनवरचा. बुटका, गोल, घट्ट. (बूच – बू दीर्घ. अनेकवचनात ऱ्हस्व. खात्री करून घेतली.)

मला का निवडलं? बाई म्हणाल्या, ‘बादल्या धुताना तू तोंड फिरवतोस. ज्याला इतकी किळस येते त्याच्याकडे नाक असतं.’ हे कौतुक होतं की काय, अजून ठरवलेलं नाही.

ती बादली! टेबलाच्या मधोमध असते. सगळे तिच्यात थुंकतात. लाल, वर फेस, मध्येच कोणाच्या तरी बिस्किटाचा चुरा. आज माझीही थुंकी तिच्यात पडली. नंतर ती धुतलीही मीच, कारण धुणारा नवा माणूस अजून ठेवलेला नाही.

मंगळवार, ७ मार्च

शब्दांचा कागद मिळाला. फळं, फुलं, मसाले इथपर्यंत ठीक. अर्धी फळं जन्मात पाहिलेली नाहीत, पाठ करतोय. पण पुढे – घामेजलेलं खोगीर. पेट्रोल. कुजकी पानं. ओला कुत्रा. रक्त. शेण. आणि यातले बरेचसे *चांगले* शब्द आहेत! वाइनला कुत्र्याचा वास आला तर वाईट, पण घोड्याचा थोडासा आला तर उत्तम. थोडासा म्हणजे किती, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आज चार पेले पुढे आले. मी चारही वेळा एकच म्हणालो – घाण.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ‘घाण हा वास नव्हे. घाण हे तुझं मत आहे. मत नको मला, वास सांग.’

बूच खाली मान घालून हसत होता. त्याला प्रत्येक पेल्यात बोरं सापडतात. पण त्यालाही ओरडल्या – तो पेला लांब धरून वरवर हुंगत होता. ‘नाक आत घाल! पेल्याच्या बाहेरून काहीबाही ओघळलेलं असतं, हाताचा वास असतो. बाहेरचं हुंगून निकाल देणारा माणूस मला टेबलावर नको.’

बुधवार, ८ मार्च

कामावरून निघताना शर्ट बदलतो. हात कोपरापर्यंत धुतो. दात घासतो. तरी गल्लीच्या तोंडाशी थांबून स्वतःचीच बाही हुंगतो. बघणाऱ्याला वेडा वाटत असेन.

दादासाठी करतो हे. दादाची दारू सुटली त्याला आता एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक थंडी उलटून गेली. वहिनी माहेरी निघून गेली होती, ती परत आली एकाच अटीवर – घरात थेंब येता कामा नये. दादाने कबूल केलं. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मीही केलं.

पूर्वीचा दादा अजून आठवतो. आरडाओरडा करणारा नव्हता तो. गुपचूप प्यायचा. प्याला की पेला धुऊन, पुसून, जाग्यावर उपडा ठेवायचा. आम्ही घरी यावं तर सगळं नीटनेटकं आणि दादा भिंतीकडे तोंड करून निजलेला. ओट्यावर स्वच्छ पेला दिसला की मी आधी भिंतीकडे बघायचो. अजूनही बघतो.

आणि मी नोकरी धरली ती वाइनच्या कारखान्यात! दुसरीकडे नववी नापासाला कोण उभं करतं? दादाच म्हणाला होता, ‘धर. तू थोडाच पिणार आहेस? तुला तर दुधावरची सायसुद्धा चालत नाही.’

शुक्रवार, १० मार्च

सरावासाठी वासाच्या कुप्या घरी दिल्या. बोटाएवढ्या, वर नुसते आकडे. आत तेलात मुरवलेला वास. दारू नाही – बाईंना दोनदा विचारलं. ‘नाही रे बाबा. पिऊन बघ हवं तर, पोट बिघडेल.’

घरी दादाला सांगितलं, तू एकेक उघडून माझ्या नाकाशी धर, मी ओळखतो. गॅरेजमधून आला होता, हात काळे. आधी धुवायला लावले. दोनदा. ‘डॉक्टर झालास काय रे बारक्या,’ म्हणाला, पण धुतले.

पहिलीच कुपी.

‘घाण,’ मी म्हणालो.

दादाने स्वतःच्या नाकाशी धरली. पुन्हा हुंगली. मग म्हणाला, ‘दप्तराच्या तळाशी राहिलेलं केळं. सुट्टी संपल्यावर सापडतं ते.’

कागद उघडून पाहिला. अति पिकलेलं केळं!

पुढची. ‘तापलेल्या इस्त्रीखालचं ओलं कापड.’ बरोबर. त्याच्या पुढची. ‘सकाळी शटर वर केलं की गॅरेजमधून अंगावर येते ती पहिली हवा.’ कागदावर – पेट्रोल, रबर. दादा नुसता हसत होता. त्याला इतका खूश किती दिवसांत पाहिला नव्हता.

रविवार, १२ मार्च

आज तिघेही बसलो. वहिनी आधी दारातूनच बघत होती, हात पदराला पुसत. ‘भाऊजी, यात ते नाही ना?’ नाही म्हटलं. कुपी तिच्या हातात दिली. हुंगली, तपासली, मग येऊन बसली.

दादा म्हणतो, शब्द शोधायचा नाही, जागा शोधायची. हा वास आधी कुठे भेटला होता? मग जागाच सांगायची. एका कुपीला म्हणाला – ‘दवाखान्यातल्या खाटेची चादर. आई होती ना, ती खाट.’ कागदावर होतं – कापूर, औषधी पाला.

वहिनीने कुपीला झाकण लावलं. ‘आणि मला कसला वास येतो?’

‘लिंबाचा,’ दादा म्हणाला. ‘आणि रागाचा.’

तिने ओला टॉवेल फेकून मारला. बसला मला!

मला जमत नाही त्याचं कारण कळलं. मला वास आला की मी मागे सरतो. दादा पुढे जातो.

सोमवार, १३ मार्च

टेबलावर दादाचेच शब्द वापरले. पेल्यात नाक घातलं, ओकारी दाबली आणि म्हणालो – तळाशी राहिलेलं केळं, नव्या चपलेचा डबा. बाईंनी लिहून घेतलं! ‘कुठून आणतोस हे शब्द?’

‘घरून.’

बूच बाहेर आल्यावर म्हणाला, ‘साहेब, आमच्या बोरांकडेही लक्ष असू द्या.’

बुधवार, १५ मार्च

आज बादली उलटली. माझ्या बुटांत गेली. यापुढे काही लिहवत नाही.

गुरुवार, १६ मार्च

परीक्षा सोमवारी. चांगल्या वाइनची नव्हे, *दोषांची.* बिघडलेली वाइन ओळखता आली पाहिजे, एवढंच बघणार. सरावासाठी प्रत्येकाला पाच लहान बाटल्या दिल्या. खऱ्या, पण नासलेल्या. एक ओल्या पुठ्ठ्याची. एक व्हिनेगर झालेली. एक सडक्या अंड्याची. एक तबेल्याची. एक चिरून काळ्या पडलेल्या सफरचंदाची. झाकण सैल केलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

मी म्हणालो, मी इथेच थांबून सराव करीन. बाई म्हणाल्या, खोली सहाला बंद होते. ‘घरी ने. दमलेल्या नाकाला काही कळत नाही, सकाळी उठल्याउठल्या हुंगायचं.’

दारात उभा राहून खूप विचार केला. थेंब येता कामा नये असं ठरलंय. पण ती वाइनची गोष्ट. ही वाइन नव्हे. टेबलावर हिला कोणी वाइन म्हणतच नाही, ‘दोष’ म्हणतात. व्हिनेगर घरात असतंच. अंडी असतात. हे कोण तोंडाला लावणार? मी तर झाकणसुद्धा कापड धरून उघडतो.

आणल्या. बाथरूमवरच्या कपाटावर, मागे, जुन्या वर्तमानपत्रांच्या आड ठेवल्या. झाकणं घट्ट आहेत, तीनदा बघितलं.

शुक्रवार, १७ मार्च

सकाळी बाथरूम आतून लावून हुंगलं. अंडं लगेच. तबेला लगेच. पुठ्ठा आणि सफरचंद अजून चुकतात. बाहेर येऊन ओकलो.

दादा दारात. ‘आज कुप्या नाहीत? आण की, धरतो.’

‘आज नको.’

‘का रे?’

‘एकट्याने करायचा सराव आहे.’

चहा पिताना त्याने एकदा मान वर करून हवेत नाक फिरवलं. त्याला कळलं का? माझ्याकडे बघून हसला. मला हसता आलं नाही.

शनिवार, १८ मार्च

प्यायला. दादा प्यायला.

अक्षर वाईट येतंय. नीट, क्रमाने लिहितो.

अर्धा दिवस काम होतं. वहिनी सकाळीच तिच्या बहिणीकडे जायला निघणार होती, बहिणीचं ऑपरेशन आहे. दादाची सुट्टी. घरी आलो तर ओट्यावर पाच बाटल्या. रिकाम्या. धुतलेल्या. फडक्यावर ओळीने *उपड्या.*

तोच नीटनेटका ओटा. तोच! वर्ष गेलं की नाही, काही फरक नाही.

दादा मोरीतून बाहेर आला, बाह्या वर सारलेल्या, हात पुसत. ‘आलास? अरे ऐक, आधी बस –’

‘हात दाखव.’

‘बारक्या, ऐक तर –’

हात धरून हुंगला. व्हिनेगर. तबेला. अंडं. सगळं एकात एक कालवलेलं आणि वरून भांडी घासायच्या पावडरचा लिंबासारखा वास. हात घासूनही वास लपवता आला नाही! परीक्षेत विचारलं असतं तर पाचच्या पाच सांगितले असते, इतके स्पष्ट.

मी बोललो ते सगळं लिहीत नाही. नासलेलीसुद्धा सोडली नाहीस म्हणालो. माणसं थुंकतात ती तू गिळलीस म्हणालो. उद्या मोरीतलं पाणीही पिशील म्हणालो. तो एवढंच म्हणाला, ‘तोंड बघ माझं,’ आणि तोंड उघडून पुढे झाला. मी मागे सरलो, भिंतीला पाठ लागेपर्यंत. शिसारी आली. कोण हुंगणार दारुड्याचं तोंड! तेही बोललो. मोठ्याने.

त्याने तोंड मिटलं. माझ्याकडे पाहत राहिला. मग शर्ट घातला, बटणं लावायला वेळ लागला त्याला.

‘तुझं नाक आहे,’ म्हणाला. ‘तुला आला तर आला.’

गेला. दार न आपटता गेला. आपटायला हवं होतं.

वहिनीला काय सांगू? या खेपेला ती परत यायची नाही.

रविवार, १९ मार्च

आला नाही. गॅरेजच्या मालकाला फोन केला. म्हणाला, माळ्यावर झोपतोय, काम करतोय. काम करताना कसा आहे, हे विचारायला जीभ उचलली नाही.

ओटा तीनदा घासला. बाटल्या पिशवीत घालून गाठ मारली. मोरीतून अजून वास येतोय असं वाटतं. माझ्या नाकात बसलाय तो, दुसरं काय.

सोमवार, २० मार्च

परीक्षा झाली. पाच पेले, रांगेत.

पहिल्यात नाक घातलं. काहीच येईना. मग आठवलं – जागा शोधायची. आणि डोक्यात बोलायला लागला तो दादाच! ‘पावसात भिजलेला टीव्हीचा खोका.’ पुठ्ठा. ‘आजारी माणसाच्या उशाशी चिरून ठेवलेलं, त्याने न खाल्लेलं सफरचंद.’ एकामागून एक. मी नुसता त्याचं ऐकून मोठ्याने बोलत होतो.

पाचही बरोबर. बूचला तबेल्यातही बोरं सापडली.

बाईंनी हात मिळवला. ‘पुढच्या महिन्यापासून टेबलावर. बादल्या धुवायला दुसरा माणूस येईल.’ बूचने पाठीवर थाप मारली, मनापासून मारली. मी संडासात जाऊन बसलो. ज्याच्या शब्दांवर पास झालो, त्याची किळस येते. आणि त्याचे शब्द वापरणाऱ्याची त्याहून.

बुधवार, २२ मार्च

घरी आलो, कुप्या बाहेर काढल्या. एकट्याने हुंगल्या. सगळ्या घाण.

गुरुवार, २३ मार्च

वहिनीचा फोन. बहीण बरी आहे, शनिवारी येते. ‘पास झालात ना भाऊजी? हे म्हणाले मला. केवढा आनंद झालाय त्यांना!’ दादाला कोणी सांगितलं? परवा गॅरेजच्या मालकाला पुन्हा फोन केला तेव्हा मीच बोललो होतो ओघात. दादाने तिला बाकी काहीच सांगितलेलं दिसत नाही. लपवतोय. लपवण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

शनिवारी मीच सांगणार. सगळं. तिला अंधारात ठेवणं बरोबर नाही.

शनिवार, २५ मार्च

वहिनी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

‘भाऊजी, आधी तुमच्याशी भांडायचंय. कपाटावर काय आणून ठेवलं होतंत? निघायच्या आधी धूळ पुसायला चढले, एक झाकण उघडलं तर डोकं भणभणलं! कबूल केलं होतं ना तुम्ही? ओतल्या मी मोरीत सगळ्या. बाटल्या धुऊन ठेवल्या, म्हटलं कंपनीच्या असतील. मोरी अशी घाण मारायला लागली की उभं राहवेना. बस सुटत होती, म्हणून हे म्हणाले, तू जा, मोरी मी घासतो. बारक्याला मीच समजावतो, त्याची परीक्षा आहे, तू काही बोलू नकोस त्याला. – आणि आहेत कुठे हे? फोनवर नुसतं म्हणतात, काम फार आहे.’

हातांना होता वास. तोंड त्याने पुढे केलं होतं.

वहिनीला सांगितलं. सगळं. ती ओरडली नाही. पुन्हा चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली, माझी वाट बघत.

निघतोय. इतके दिवस त्या माळ्यावर एकटा आहे तो. आज त्याच्या तोंडाला वास असला तर तो मी दिलेला असेल.

जवळ जायचं. मागे सरायचं नाही.